इंगळी जेवत नाही : रेडिंगमधलं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. विंचू अडीच महिने काही खात नाही आणि रात्रभर काचेवर चढायला बघतो, काय करू?

विचारणारा होता इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातल्या एका मराठी घरातला सोळा वर्षांचा मुलगा. मी बरीच वर्षं विंचू आणि कोळी पाळत आलोय, त्यामुळे ओळखीपाळखीतून असे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. त्यांत ‘खात नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त. मालकाचं सगळं लक्ष अन्नावर असतं. रातकिडे नको असतील तर टोळ देऊ का, झुरळ देऊ का, मेलेला किडा चिमट्याने तोंडापुढे धरू का? हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते एवढ्यासाठी, की इथे अन्नात काहीच खोट नव्हती. खोट मातीत होती. ती सापडायला वेळ लागला, कारण मुलगा ज्याला विंचवाचा उत्साह समजत होता तेच आजाराचं लक्षण होतं.

घर आणि घरातली माणसं

विंचू दुकानातून ‘एम्परर’ म्हणून विकत घेतलेला. एम्परर म्हणजे पॅन्डिनस इम्परेटर, पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगोकडचा काळा विंचू. तो 20 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि जगभरच्या हौशी लोकांचा जुना लाडका आहे. त्याची एवढी पकड झाली की 1995 मध्ये त्याला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये घालावं लागलं. भारतातही 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तो येतो, म्हणजे नोंदणीशिवाय बाळगता येत नाही.

पण टाकीतला प्राणी एम्परर नव्हता. एम्पररचे चिमटे खरबरीत, बारीक दाणे उठलेले असतात आणि उजेडात तांबूस दिसतात. हिचे चिमटे गुळगुळीत, काळेभोर, किंचित हिरवी झाक असलेले. ही हेटेरोमेट्रस, आग्नेय आशियातली. दुकानात या दोन्हींची सरमिसळ सर्रास होते. आपल्याकडची सह्याद्रीतली इंगळी हिचीच जवळची नातलग. 2020 पर्यंत दोघी एकाच हेटेरोमेट्रस प्रजातीत मोजल्या जात. मग प्रेन्डिनी आणि लोरिया या संशोधकांनी या गटाची फेरमांडणी केली आणि आपल्याकडच्या इंगळ्या डेक्कनोमेट्रस, सह्याद्रिमेट्रस अशा वेगळ्या घरांत गेल्या. म्हणून यापुढे मी तिला इंगळीच म्हणतो. मादी होती, पूर्ण वाढलेली.

नाव चुकलं होतं हे कळून मुलाला भारी वाटलं, आणि आता उलगडा झाला असंही वाटलं. तसं काही नव्हतं. दोघींची राहणी इतकी सारखी आहे, की नावातल्या चुकीने कोणी अडीच महिने उपाशी राहत नाही.

आईची हरकत वेगळीच होती. तिचं माहेर महाड तालुक्यातलं. त्या भागात विंचू म्हटलं की लाल विंचू, आणि लाल विंचू म्हटलं की जिवाशी गाठ. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्यांच्यावर रात्ररात्र बसून उपचार केले ते रुग्ण याच विंचवाचे. 1982 मध्ये त्यांचं टिपण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाच्या साध्या गोळीने मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. आईच्या लहानपणी मात्र घराघरांत दंशाच्या गोष्टी ताज्या होत्या. आजीचा व्हिडिओ कॉल आला की टाकीवर चादर टाकायची, हा घरातला नियम होता.

तिला मी दोन्ही विंचवांचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. लाल विंचवाचे चिमटे काडीसारखे बारीक आणि शेपूट जाड. इंगळीचे चिमटे दणकट आणि शेपूट त्या मानाने किरकोळ. ज्याचा भर विषावर त्याला ताकदीचे चिमटे लागत नाहीत, आणि उलट. हा ठोकताळा आहे, त्यावर हात पुढे करायचा नसतो, पण या दोघांच्या बाबतीत तो खरा ठरतो. ब्रिटनमध्ये लाल विंचवाचं अख्खं बुथिडी कुळ 1976 च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली येतं, परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. इंगळीला परवाना लागत नाही. ‘म्हणजे सरकारने पण विचार केलाय,’ एवढं म्हणून ती माझ्यासाठी चहा टाकायला गेली. टाकीजवळ मात्र आली नाही.

काय काय करून झालं होतं

टाकी काचेची, साधारण 30 सेंटिमीटर लांब-रुंद. तळाला 5 सेंटिमीटर नारळाचा भुसा. कॉर्कच्या सालीचा एक तुकडा, पाण्याची वाटी, प्लास्टिकची कवटी. टाकीखाली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई; तिचं तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट नाही. टाकी होती ड्रॉवरच्या कपाटावर, आणि त्याच कपाटावर मुलाचा कॉम्प्युटर आणि सबवूफर.

आणल्यानंतर पहिल्या आठवड्यात इंगळीने एक मोठा रातकिडा खाल्ला. मग वाटीखाली उकरून बसली. चार-पाच दिवस दिसली नाही म्हणून मुलाने वाटी उचलली, तिला बाहेर काढलं, पुढ्यात रातकिडे सोडले. तिने चिमटे उगारले, खाल्लं नाही. पुन्हा उकरलं, पुन्हा काढली. मग तिने उकरणंच सोडलं. रात्री टाकीच्या कडेकडेने फिरायला लागली, कोपऱ्यात मागच्या पायांवर उभी राहून काचेवर चिमटे आपटायला लागली. मुलगा खूश झाला. त्याच्या मोबाइलमध्ये तिच्या रात्रीच्या फेऱ्यांचे ढीगभर व्हिडिओ होते. ‘काका, आता ती खूप ॲक्टिव्ह झालीय, फक्त खात नाही.’

इथे मला थांबावंसं वाटतं. कुत्रा हिंडतोय-फिरतोय म्हणजे तो मजेत आहे, हा हिशेब आपण नकळत प्रत्येक प्राण्याला लावतो. इंगळीला तो उलटा लागतो. बिळात राहणारे विंचू आयुष्याचा फार मोठा हिस्सा जमिनीखाली स्वस्थ बसून काढतात. उघड्यावर रोज रात्रभर फिरणारी पोक्त मादी एक तर जोडीदार शोधत नाही, ते काम नराचं, आणि दुसरं म्हणजे भक्ष्यही शोधत नाही, कारण भक्ष्य तिच्या पायाशी फिरत होतं. ती जागा शोधत होती.

उपाशी आहे का?

आधी हे ठरवायचं होतं. पूर्ण वाढ झालेला विंचू पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे ‘कात टाकायची असेल म्हणून खात नसेल’ हे पिल्लांना लागू पडणारं कारण बाद झालं. मग पोट बघितलं. विंचवाच्या पाठीवरच्या आणि पोटावरच्या कडक पट्ट्या दोन्ही कुशींना एका मऊ पडद्याने जोडलेल्या असतात. खाऊन-पिऊन असलेल्या विंचवाचा तो पडदा ताणून फिकट रेघेसारखा दिसतो. उपाशी किंवा तहानलेल्या विंचवाच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि कुशी आत जातात. हिची फिकट रेघ दोन्ही बाजूंना व्यवस्थित दिसत होती. पाठीवर सुरकुती नव्हती.

मुलगा हुशार. आणली त्या दिवशी त्याने तिचं वजन करून वहीत लिहिलं होतं: 23 ग्रॅम. आम्ही तिला झाकणाच्या डब्यात घेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. 22 भरली. ‘तो काटा आता पुन्हा माझ्या ओट्यावर यायचा नाही,’ असा आतून आवाज आला.

अडीच महिन्यांत एक ग्रॅम. उंदीर-चिमणी यांच्या हिशेबाने हे अशक्य वाटतं. विंचवाचं शरीर मुळात फार कमी खर्चात चालतं. लायटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मोजमाप करून दाखवलं, की विश्रांतीतल्या विंचवाचा ऊर्जाखर्च तेवढ्याच वजनाच्या इतर सर्वसाधारण जमिनीवरच्या संधिपादांच्या, म्हणजे सांधेदार पायांच्या किडे-कोळ्यांसारख्या प्राण्यांच्या, जेमतेम एक चतुर्थांश असतो. त्यात एका बैठकीत विंचू स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाऊ शकतो. पहिल्या आठवड्यातला तो एक रातकिडा आणि दुकानात जे काही मिळालं असेल ते, यावर ती निवांत होती. अन्नाची घाई तिला नव्हती, मुलाला होती.

म्हणजे न खाणं हा धोका नव्हता. धोका होता फिरण्यात. रात्रभर चालणारा, काचेवर चढून पडणारा विंचू भराभर पाणी गमावतो, नखं झिजवतो आणि एखाद्या दिवशी पाठीवर पडून जखमी होतो.

तळ

मी मातीत थर्मामीटरची तार खुपसली. वर 24 अंश. तळाच्या काचेला टेकल्यावर 38.

प्रकरणाचा गाभा हा आहे. जमिनीत राहणाऱ्या प्राण्याच्या अंगात एक गोष्ट पक्की मुरलेली असते: खाली गेलं की गारवा आणि ओल. ऊन वरून येतं. हीट मॅट टाकीखाली चिकटवली की जग उलटं होतं. इंगळी उकाडा टाळायला खाली जाते, खाली उकाडा वाढतो, म्हणून ती आणखी उकरते आणि तापलेल्या काचेवर पोचते. तिथून वर येते तर वर आडोसा नाही. दोन्हीकडून हाकललेला प्राणी कडेकडेने फिरतो, कारण फिरण्याशिवाय त्याच्यापाशी काही उरत नाही.

बीळ म्हणजे नुसतं लपायचं भोक नव्हे, हे इस्राएलमधल्या नेगेवच्या वाळवंटात फार छान दाखवलं गेलं. बेन-गुरिअन विद्यापीठाच्या अमांडा ॲडम्स, बेरी पिन्शो आणि सहकाऱ्यांनी स्कॉर्पिओ पाल्मॅटस या विंचवाची बिळं निवडली, आतला विंचू बाहेर काढून घेतला आणि बिळात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं. गार झाल्यावर खणून काढलेले साचे सगळे एकाच घडणीचे निघाले. तोंडापासून थोडं खाली उतरलं की काही सेंटिमीटरवर एक आडवा सपाट ओटा. तिथून वाट वळून पुन्हा खाली जाते आणि शेवटी एक रुंद कोठडी. ओटा उन्हाने तापलेल्या वरच्या थरात असतो, त्यामुळे संध्याकाळी शिकारीला निघण्याआधी विंचू सुरक्षित राहून तिथे अंग शेकून घेऊ शकतो. कोठडी गार आणि दमट, दिवस काढायला. पुढे 2016 मध्ये नामिबियातल्या ओपिस्टोफ्थाल्मस या विंचवांच्या दोन जातींची बिळं शेजारी ठेवली तर तीच घडण. एका वाळवंटाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण बिळाचा नकाशा एकच. शरीराचं तापमान आणि पाणी राखायचं निम्मं काम विंचवाने बिळावर सोपवलेलं आहे, असं मी यातून समजतो. इंगळी दमट जंगलातली आहे, वाळवंटातली नाही, तिचं बीळ अगदी या मापाचं असेल असं नाही. वरून ऊब आणि खालून ओल हे तत्त्व मात्र तेच.

मुलाचे वडील इतका वेळ लॅपटॉपवर होते. 38 आकडा ऐकून ते म्हणाले, ‘अरे, गावाला बांधाच्या उतारावर इंगळीची बिळं असायची. तोंड असं अर्धचंद्रासारखं. पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही काडी घालून बघायचो. काडी सरळ कधीच जायची नाही, आत वळण असायचं.’ घरात जाणकार बसलेला होता, आणि मुलगा यूट्यूब बघत होता.

भुशाबद्दलही बोलायला हवं. नारळाचा भुसा ओल धरतो, पण घाट धरत नाही. त्यात बोगदा पाडला की छत बसतं. इंगळीने वाटीखालीच का उकरलं? तिला छप्पर आयतं मिळालं म्हणून. तिची निवड बरोबर होती, आणि नेमकं तेच छप्पर दर आठवड्याला उचललं जात होतं.

सबवूफर आणि रातकिडे

विंचवाला डोळे असले तरी त्याचं जग पायांत असतं. पायांच्या सांध्यांजवळच्या बारीक फटींसारख्या इंद्रियांनी तो जमिनीतली थरथर टिपतो. फिलिप ब्राउनेलने 1970 च्या दशकात मोहावी वाळवंटातल्या वाळूविंचवावर हे सिद्ध केलं. वाळूत दडून सरकणाऱ्या झुरळाची चाहूल त्या विंचवाला 50 सेंटिमीटरवरून लागते. आठ पायांपैकी कोणत्या पायाला लाट आधी पोचली, त्यावरून तो वळायची दिशा ठरवतो. शिवाय चिमट्यांवरचे तलम केस हवेची हालचाल टिपतात आणि पोटाखालचे दोन कंगवे जमीन चाचपत जातात.

अशा प्राण्याची टाकी सबवूफर असलेल्या कपाटावर. वूफरने उपास घडवला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण बाकीचे बदलही आम्ही त्याच दिवशी केले. पण मुलाने गेम लावला की ती जागच्या जागी थिजायची, पाय पसरून, शेपूट अंगालगत घेऊन. हे त्याच्याच व्हिडिओत होतं. त्याने इतके दिवस त्यातला आवाज बंद करून बघितला होता.

रातकिड्यांचं प्रकरण जास्त गंभीर. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून त्याने टाकीत बरेच रातकिडे सोडून ठेवले होते. भुकेला रातकिडा मऊ दिसेल ते कुरतडतो, आणि विंचवाच्या अंगावरही सांध्यांच्या जागा मऊ असतात. कात टाकणाऱ्या पिल्लाला तर ते जिवंत खातात. पोक्त इंगळीला मारत नाहीत, पण स्वस्थही बसू देत नाहीत. ती एका कोपऱ्यात टेकली की एक पाठीवरून जातो, दुसरा पायाशी येतो. शिकारी आणि भक्ष्य कोण, हे त्या टाकीत मला तरी सांगता आलं नसतं.

बदल

सगळे रातकिडे वेचून काढले. टाकी खिडकीपासून लांब, भिंतीलगतच्या जड फळीवर गेली, वूफरशिवाय. हीट मॅट तळाची काढून एका बाजूच्या काचेला, मातीच्या पातळीच्या वर लावली. तिला थर्मोस्टॅट जोडून 26 अंशांवर ठेवला. रेडिंगमधल्या घरात हिवाळ्याच्या रात्री पारा 17-18 वर येतो, त्यामुळे ऊब लागतेच, फक्त ती योग्य बाजूने यायला हवी.

माती नवी केली. खत-औषध न घातलेली बागेची माती जास्त, भुसा कमी, थोडी चिकणमाती. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा आणि पाणी मात्र गळू नये, इतपत ओली. ती थराथराने दाबत एका बाजूला 18 सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला 10, असा उतार केला. बांधाची आठवण सांगणाऱ्या वडिलांनी हे काम स्वतःकडे घेतलं. खोल कोपऱ्यात प्लास्टिकची एक नळी तळापर्यंत उभी रोवली. पाणी घालायचं ते या नळीतून, म्हणजे ओल खाली राहते आणि वरचा थर कोरडा. हा बारकावा चुकवू नये. ‘दमट हवं’ म्हणून लोक वरून फवारे मारत बसतात, टाकी बंद ठेवतात, आणि कोंदट ओल्याचिंब मातीत विंचवाच्या अंगावर बुरशीचे डाग येतात. ते एकदा पसरले की फारसं काही करता येत नाही.

उतारावर कॉर्कची साल तिरपी पुरली आणि तिच्याखाली लाटण्याच्या टोकाने बोटभर खोल एक तिरकस भोक पाडलं. लाटणंही अर्थात ओट्यावर परत गेलं नाही. हे भोक म्हणजे आमंत्रण. बाकीचं तिने करायचं.

तिने त्याच रात्री सुरुवात केली. आम्ही दिवे घालवून लाल उजेडात बघत होतो, कारण विंचवाला तांबडा उजेड फारसा जाणवत नाही. आधी ती भोकाच्या तोंडाशी आली, चिमटे आत घालून दोन्ही बाजू चाचपल्या आणि निघून गेली. टाकीची एक फेरी मारून परत आली. मग डोकं आत, शेपूट बाहेर. पुढच्या पायांनी माती सैल करून पोटाखालून मागे ओढायची, मागचे पाय पक्के रोवलेले, शेपूट मागे टेकून जोर घेतलेला. पोटाखाली ढीग साचला की ती मागे मागे येत तो पायांनी बाहेर लोटायची, आणि वळून चिमट्यांनी उताराखाली सारायची. एक मोठं ढेकूळ आलं ते तिने चिमट्यात उचलून बाहेर आणलं, तोंडापासून वीतभर लांब ठेवलं. पुन्हा आत. लयीत, न थांबता. आई दारात उभी राहून बघत होती. ‘बाई कामाची आहे,’ ती म्हणाली. टाकीबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द.

सकाळी कॉर्कच्या बाहेर मातीचा पंखा पसरलेला होता आणि इंगळी दिसत नव्हती. त्यानंतर दोन दिवसांनी बिळाचं तोंड आतून मातीने बंद झालं.

बंद दार

मला सगळ्यात जास्त समजूत इथे घालावी लागली. तोंड बंद झाल्यावर मुलाचे रोज मेसेज. गुदमरली असेल का? मेली असेल का? जरा उकरून बघू का? गुदमरत नाही, माती सच्छिद्र असते आणि तिची हवेची गरज फार थोडी. आणि उकरून बघणं हाच तर आधीचा आजार होता.

एक तोडगा काढला. बीळ काचेच्या कडेने गेलं होतं, जाईल अशा बेतानेच साल पुरली होती. त्या काचेला बाहेरून काळा कागद लावला. आठवड्यातून एकदा कागद उचलून क्षणभर अतिनील टॉर्च मारायचा. विंचवाच्या कवचातल्या काही द्रव्यांमुळे ते या प्रकाशात निळसर-हिरवं चमकतं, त्यामुळे मातीच्या फटीतून एवढासा पायही लगेच दिसतो. टॉर्च लावून बसायचं मात्र नाही. विंचू त्या उजेडापासून पळ काढतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला कोठडीच्या तळाशी चमकणारी शेपटीची कमान दिसली. रात्रीच्या फेऱ्या पूर्ण बंद झाल्या होत्या. त्याच्या मते आता टाकीत ‘काहीच होत नव्हतं’.

जेवण

पाच आठवड्यांनी दार उघडलं. संध्याकाळी इंगळी बिळाच्या तोंडाशी होती: अंग आत, फक्त दोन चिमटे बाहेर, उघडे, जमिनीला टेकलेले. बिळात राहणाऱ्या मोठ्या चिमट्यांच्या विंचवाची शिकारीची बैठक ही. तो हिंडून शिकार करत नाही, उंबऱ्यात बसून वाट बघतो.

मुलाने एक मध्यम डुबिया झुरळ टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडलं. झुरळ कडेने चालत आलं. ते लांब असताना इंगळी हलली नाही. वीतभरावर आलं तसे चिमटे किंचित वर उचलले गेले. झुरळाने सालीला स्पर्श केला आणि पुढचं इतक्या वेगात झालं, की आम्हाला ते व्हिडिओ सावकाश लावूनच कळलं. उजव्या चिमट्याने झुरळाची पाठ धरली, डाव्याने डोकं. शेपूट जागची हलली नाही, नांगी वापरलीच नाही. चिमट्यांत करकर आवाज झाला, तो काचेबाहेर ऐकू आला.

नांगी न वापरणं हे तिच्या वयाला धरून होतं. कॅस्परने 1985 मध्ये एम्परर विंचवांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, की पिल्लं भक्ष्याला सर्रास डंख मारतात, मोठे क्वचितच. चिमट्यांत बळ आलं की विष खर्चायचं कशाला? बनवायला ते महाग पडतं.

झुरळ धरून ती मागच्या पावलांनी आत गेली. काचेकडून दिसलं ते असं: तोंडाशी असलेले दोन छोटे जबडे आळीपाळीने पुढे येत होते, एक फाडतो तेव्हा दुसरा धरतो. विंचू घास गिळत नाही. पाचक रस भक्ष्यावर सोडतो, त्याचा लगदा करतो आणि पातळ तेवढं आत ओढून घेतो. त्यामुळे एका झुरळाला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशी बिळाबाहेरच्या पंख्यावर एक काळपट चुरगळलेली गोळी पडलेली होती, पंख आणि कवचाच्या तुकड्यांची. मुलाने ती आगपेटीत जपून ठेवली आहे.

पुढच्या आठवड्यात त्याने दुसरं झुरळ दिलं, ते तिने ढकलून दिलं. त्यानंतरच्या आठवड्यातलंही. तेव्हा आम्ही नियम ठरवला: चिमटे दाराशी दिसले तर एक किडा, सकाळपर्यंत न खाल्लेला काढून घ्यायचा, दार बंद असेल तर काहीच नाही. त्या नियमाने ती साधारण तीन-चार आठवड्यांतून एकदा खाते. वजन 24 आहे.

एक मतभेद

हौशी मंडळींत दुसरा पक्ष आहे, आणि तो अडाणी नाही. ते म्हणतात, माती मुद्दाम उथळ ठेवावी, नुसती एक साल द्यावी, म्हणजे प्राणी नजरेसमोर राहतो. आजारी पडला तर लगेच कळतं, आणि ओल्या बिळात बुरशी धरण्याची भीती नाही. पिल्लांच्या बाबतीत मी हे बऱ्याच अंशी मानतो. कात टाकताना काही बिघडलं तर दिसायला हवं. पोक्त मादीच्या बाबतीत मात्र नाही. नजरेसमोर ठेवून जो आजार पकडायचा तो बहुधा नजरेसमोर ठेवल्यानेच झालेला असतो. ज्याला रोज काहीतरी हलताना बघायचंय त्याने मासे पाळावेत. मुलाला हे पटलं असं मी म्हणणार नाही. त्याने कोपऱ्यात दुसरी रिकामी टाकी आणून ठेवली आहे आणि त्यात काय ठेवायचं याची यादी रोज बदलते. इंगळीला जोडीदार म्हणून दुसरा विंचू त्याच टाकीत सोडायचा बेत मी मोडला, कारण या गटातल्या माद्या एकमेकींना काही काळ चालवून घेतात आणि एके दिवशी चालवून घेत नाहीत.

डिसेंबरात सगळं घर पाच आठवडे महाडला जायचं ठरलं. विंचवाला कोण बघणार, कोण खायला घालणार, यावर दोन दिवस चर्चा झाली. उत्तर असं निघालं: जायच्या आठवड्यात दाराशी आली तर एक झुरळ, नळीतून पाणी, वाटी भरलेली, थर्मोस्टॅट तपासलेला. बस्स. शेजारणीला किल्ली दिली आहे ती कुंड्यांतल्या झाडांसाठी.